करायलाच पाहिजे, मग आभार कसले?

'बाप आहे, करायलाच पाहिजे. त्यात आभार कसले मानायचे?' नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून, मुलीसाठी केलेल्याबद्दल त्यांचे आभार मानले की हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकलंय. माहेरी ऐकलं, इथे बेळगावच्या शहापुरात शेजारी ऐकलं. तिकडे कोल्हापुरात त्यांच्या घरी माझ्याबद्दलही हेच म्हणत असणार, 'आई आहे, करायलाच पाहिजे.'

करायला पाहिजे, खरंच आहे. पण करायला पाहिजे ते सगळेच कुठे करतात? पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूलाच आहेत. म्हणून जो माणूस आपलं काम वेळेवर आणि मन लावून करतो, त्याला 'हे मला दिसलं' एवढं तरी सांगावं, असं माझं ठाम मत आहे. नवरा-बायको म्हणून संपलं असलं तरी.

माझी मुलगी इथे मराठी शाळेत सहावीला आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीचं आहे. तिचे बाबा कोल्हापूरचे, त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. शनिवार-रविवार ती तिकडे असली की सोमवारच्या उक्तलेखनाची पंचाईत व्हायची. शब्द वाचून दाखवणार कोण? मग त्यांनी तिच्याकडूनच कागुणित शिकून घेतलं, म्हणजे आपली बाराखडी. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांचं अक्षर आहे. वाकडंतिकडं, ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली जोडायची जोडाक्षरं, पार खालच्या ओळीत उतरलेली, आणि पोरीनं लाल पेनानं काढलेल्या बरोबर-चूकच्या खुणा. ती पानं बघून मी मेसेज केला, 'तुम्ही कन्नड वाचायला शिकलात, तिला फार उपयोग होतोय. बरं वाटलं बघून.' बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'तू वही आठवणीनं दप्तरात घालतेस, म्हणून जमतंय.'

लग्न टिकलं असतं तरी असं बोलणं आमच्यात झालं असतं की नाही, कुणास ठाऊक. आमच्यात जे मोडलं ते मोडलं. त्याचा राग माझ्या मनात आहे आणि तो खोटा नाही. आभार मानले म्हणून माफ केलं असं होत नाही, पोटगीतला एक रुपयाही त्यानं कमी होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. पोरीला त्या वेगळ्या ठेवलेल्या हव्या असतात.

अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या. पहिल्या गटातल्या लोकांना आपलं आयुष्य जास्त बरं चाललंय असं वाटत होतं. तो अभ्यास घटस्फोटितांवरचा नव्हता, त्यामुळे त्याचा मी फार आधार घेणार नाही. माझा अनुभव एवढाच, की समोरच्याचं चांगलं बघायची सवय लागली की भांडणाचे फोन कमी होतात.

मात्र नुसतं 'थँक्यू' टाकून भागत नाही. नेमकं काय केलं ते सांगायचं, आणि जमलं तर मुलाच्या कानावर पडेल असं. 'आणून सोडलंत ते बरं केलंत, पण उशीर केलात' असं म्हटलं की पहिलं वाक्य वाया गेलं. उशिराचं बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी फोनवर बोलावं.

आपल्या सीमाभागात याची गरज जरा जास्तच. आई एका राज्यात, बाप दुसऱ्या राज्यात, अशी घरं इथे बरीच. सोयरिकी आधीपासूनच कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत भाषेवरून दोन्ही राज्यांत तणाव झाला आणि दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या, तेव्हा मुलगी तिकडे होती. बाबांनी तिला मोटारसायकलवरून कोगनोळी नाक्यापलीकडे निपाणीपर्यंत आणलं, तिथून माझ्या भावानं घरी आणलं. कोर्टाच्या कागदावर वार असतो, वेळ असते. एसटी बंद पडल्यावर काय करायचं ते त्यात नसतं. तिथे दोघांचं एकमेकांशी बोलणं किती सुरळीत आहे, त्यावरच सगळं चालतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, मुलाला पुढे करून आईला छळणं चाललंय, तिथे कुणीही त्या बाईला हा सल्ला देऊ नका. तिला वकील हवा, संरक्षण हवं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यासाठीच आहे. मी लिहितेय ते दोन बऱ्यापैकी सरळ माणसांबद्दल, ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही.

आज्या, माम्या, आत्या यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. पोरगं तिकडून आलं की 'काय बोलत होते रे आमच्याबद्दल?' असं खोदून विचारू नका. जेवलास काय, अभ्यास झाला काय, एवढं विचारा. आणि तिकडच्या आजीनं डब्यात काही दिलं असेल, तर खाऊन चांगलं झालंय म्हणून त्याच्यासमोर सांगा. डबा परत जाताना रिकामा धाडू नका.