कारवान रिंगमध्ये आला आणि मला आमची राणी आठवली

रविवारी भाच्याबरोबर डॉग शोला गेले होते. तिथे कारवान, म्हणजे आपला दख्खनचा शिकारी कुत्रा, पाहिला आणि आमची लहानपणीची कुत्री राणी आठवली. जवळजवळ अकरा वर्षांनी. घरी आल्यापासून डोक्यात काहीबाही फिरतंय, ते इथे उतरवून ठेवते. पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सोडून द्या.

माझा पहिला शो १९८४ चा. मी आठवीत होते. बाबा बँकेत क्लार्क, सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या तीन खोल्या, आणि त्यात अल्सेशियन. शेजारच्या काकू म्हणायच्या, "माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि ह्यांनी लांडगा आणलाय." पेपरवालं, म्हणजे वंशावळीचे कागद असलेलं, पिल्लू विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. बँकेत येणाऱ्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांकडे लिटरमधली (एका वेळी झालेल्या पिल्लांतली) एक फीमेल उरली होती, कारण तिचा डावा कान उभा राहत नव्हता. ती त्यांनी बाबांना तशीच देऊन टाकली. बाबांनी दोन महिने कानाला आतून चिकटपट्टी लावली आणि कान उभा राहिला. आता सांगायला हरकत नाही. ती राणी.

शोच्या आदल्या दिवशी तिला शिकेकाईने अंघोळ. मग चमक यावी म्हणून आईने तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा हात फिरवला, आणि वाड्यातली सगळी धूळ सकाळपर्यंत राणीच्या पाठीवर. रिक्षावाले कुत्रा घेत नसत. पहाटे पाचला आम्ही तिघं लकडी पुलावरून चालत मैदानावर पोचलो. तिथे कॅम्पातल्या पारशी बायका डॅक्सहुंड मांडीवर घेऊन बसलेल्या, फौजी अधिकारी, थर्मास, वेताच्या खुर्च्या, आणि सगळीकडे इंग्रजी. माइकवरून पुकारा इंग्रजीत, कॅटलॉग इंग्रजीत. बाबांनी बँकेतली इस्त्रीची पँट घातली होती आणि ते कोणाशीच बोलले नाहीत. रिंगमध्ये, म्हणजे जजसमोर कुत्रा फिरवायच्या जागेत, ज्याचा कुत्रा त्यानेच न्यायचा. राणी पाच जणींत चौथी आली. जज बाबांना म्हणाले की कुत्री चांगली आहे, पण चालताना सारखी बाहेर बघते. ती मला शोधत होती.

हे सगळं आठवून गळा काढायचा मोह होतो, पण त्या काळातही पुष्कळ घाण होती. डिस्टेंपरने लिटरच्या लिटर जायची. पार्व्हो तर तेव्हा नवाच आजार. १९७८ च्या सुमाराला तो जगभर पसरला, आणि आमच्या ओळखीतल्या एकाची सात पिल्लं चार दिवसांत गेली. डॉबरमनच्या शेपट्या दवाखान्यातला कंपाउंडर कापायचा, भूल वगैरे काही नाही. महिन्याभराची पिल्लं पिशवीत घालून लोक घेऊन जायचे. आता २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त लिटर घेता येत नाहीत. नियम किती पाळतात हा वेगळा विषय, पण निदान कागदावर तरी आलंय. पूर्वी पेपरवर बाप कोण लिहायचा हे ब्रीडरच्या मर्जीवर असायचं. आता कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप असते, निदान कागद कुठल्या कुत्र्याचा हे तरी कळतं. त्यामुळे "आमच्या वेळी सगळं प्रामाणिक होतं" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. मुळात पहिलाच रीतसर शो, इंग्लंडात न्यूकॅसलला १८५९ साली झालेला. फक्त पॉइंटर आणि सेटर ह्या दोन शिकारी जाती, बक्षीस म्हणून बंदुका. त्यात सेटरच्या जजचा कुत्रा पॉइंटरमध्ये पहिला आला आणि पॉइंटरच्या जजचा सेटरमध्ये. म्हणजे श्रीगणेशाच असा.

रविवारी मैदानाच्या कडेने एसी व्हॅन उभ्या होत्या, जनरेटरची घरघर चालू होती. टेबलांवर उभे पूडल आणि शित्झू, त्यांच्या अंगावर ब्लोअर. एकेका हँडलरकडे, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचा कुत्रा रिंगमध्ये दाखवणाऱ्याकडे, आठ-आठ, नऊ-नऊ कुत्रे. मालक कडेला खुर्चीत बसून मोबाइलवर शूटिंग करतात. कितीतरी कुत्रे मालकाच्या घरी राहतच नाहीत. वर्षभर हँडलरकडे असतात आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात सीसी (चॅम्पियन होण्यासाठी लागणारी सर्टिफिकिटं) गोळा करत फिरतात. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा कुत्रा लाइनअपमध्ये होता आणि त्या मला विचारत होत्या, "आपला कुठला हो, डावीकडून तिसरा का?"

पण ह्या हँडलर पोरांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या वेळी केनेल साफ करणाऱ्या पोराचं नावही कोणाला ठाऊक नसायचं. आज त्याच घरातला मुलगा सूट घालून रिंगमध्ये उतरतो, परदेशी जजसमोर उभा राहतो, स्वतःच्या हिमतीवर घर चालवतो. त्यांचं कसब बघण्यासारखं आहे. हातात उकडलेल्या कलेजीचा तुकडा, लीड (गळ्यातली दोरी) दोन बोटांत, आणि नुसत्या मनगटाच्या हालचालीवर कुत्रा थांबतो. आणि मैदानावर मराठी ऐकून तर मी खूश झाले. "ए दादा, पळ, दोन नंबरला रॉट लागलेत!" (रॉट म्हणजे रॉटवायलर.) हडपसरची, चाकणची, बारामतीची पोरं. बाबा असते तर त्या दिवशी कोणाशीतरी बोलले असते.

मला त्रास झाला तो जर्मन शेफर्डच्या रिंगपाशी. (अल्सेशियन म्हटलं की भाचा हसतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' शब्द नको होता म्हणून ते नाव पडलं. जातींची नोंदणी करणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने १९७७ मध्ये जुनं नाव परत घेतलं, आमच्या वाड्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.) १८९९ मध्ये फॉन स्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने एका शोमध्ये एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि त्याच्यापासून ही जात बांधली. त्याला दिवसभर मेंढरांमागे दुडक्या चालीने फिरू शकेल असा कुत्रा हवा होता. मागच्या पायाचा कोन जरा जास्त असला तर चालीत ढांग लांब पडते, रिंगमध्ये कुत्रा तरंगत गेल्यासारखा दिसतो. जजला ते आवडलं. जिंकलेल्या नराकडे सगळ्यांनी आपापल्या माद्या नेल्या. पुढच्या पिढीत तो कोन अजून थोडा वाढला. कोणी एकाने बसून कुत्रा बिघडवला असं झालंच नाही. दर वर्षी थोडं थोडं, टाळ्यांच्या गजरात झालं. रविवारी पाहिलेल्या एका नराची पाठ घसरगुंडीसारखी. चालताना मागचे घोटे एकमेकांकडे लटपटत होते. रिंगबाहेर आल्या आल्या तो खाली बसला. राणीचा एक फोटो आहे माझ्याकडे, पाठ पाटासारखी सरळ. पाय तिचेही मागून थोडे आत वळलेले होते, खोटं कशाला बोलू. पण वाड्याची कठडा असलेली ओसरी ती उभ्या उडीत पार करायची.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडातल्या क्रफ्ट्स शोमध्ये २००३ साली बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या जातींत मिळून पहिला, ठरलेल्या पेकिनीजची श्वास नीट घेता यावा म्हणून टाळूची शस्त्रक्रिया झाली होती. २००८ मध्ये तिथे ह्या सगळ्यावर एक माहितीपट दाखवला गेला, त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच सोडलं. मग केनेल क्लब हलला. बाप-लेक, भाऊ-बहीण अशा मेटिंगची पिल्लं नोंदवायचं बंद झालं. २०१२ मध्ये त्यांनी पंधरा जातींच्या विजेत्यांना रिंगबाहेर स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घेतलं. पंधरापैकी सहा नापास. बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड वगैरे. जजने ज्याला आपल्या जातीत सर्वोत्तम म्हटलं, त्याला अर्ध्या तासात डॉक्टर म्हणतो, हा पुढे जाऊ शकत नाही. त्या दिवशी तिथे मैदानावर काय वातावरण असेल!

डालमेशियनची गोष्ट तर मला फार आवडते, आणि तिचा रागही येतो. ह्या जातीत युरिक अॅसिडचा दोष सगळ्यांतच, म्हणून लघवीत खडे होतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका जनुकशास्त्रज्ञाने एकदा, फक्त एकदा, पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत परत डालमेशियनच वापरले. काही पिढ्यांत कुत्रे दिसायला पक्के डालमेशियन, पण तो दोष नाही. अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये त्यातल्या दोघांची नोंदणी केली, शुद्ध रक्तवाल्यांनी ओरडा केला, नोंदणी थांबली. पुन्हा दार उघडलं ते २०११ मध्ये. तीस वर्षं! उपाय हातात होता आणि कुत्रे खड्यांनी तळमळत होते, का, तर कितीतरी पिढ्यांमागचा एक आजोबा पॉइंटर. जातिशुद्धतेचा हा सोस आपल्याला वेगळा समजावून सांगायला नकोच.

आणि आपला बाजार? २००३ च्या हच मोबाइलच्या त्या पगवाल्या जाहिरातीनंतर घराघरात पग आले आणि मे महिन्यात घरघरायला लागले. आता "डबल बोन लॅब" मिळतो म्हणे. मी एका विक्रेत्याला विचारलं, डबल म्हणजे नक्की कुठलं हाड जास्त असतं? त्याने फोन ठेवला.

आता मुद्द्यावर येते. दुपारी कारवान हाउंडची रिंग लागली. आमच्या काळी हा कुत्रा शोमध्ये कोणी आणला असता तर गेटवर अडवला असता, गावठी म्हणून. दख्खनच्या उन्हात सशामागे पळणारा, एका भाकरीवर दिवस काढणारा कुत्रा. लातूर-नांदेडकडे पिढ्यान्पिढ्या पाळतात. पलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी सांभाळला म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड. २००५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावर आला, २०१६ मध्ये लष्कराने प्रशिक्षणाला घेतला, २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. तेव्हापासून भाव आला. मला अभिमानच वाटतो. पण सशाची शिकार कायद्याने कधीचीच बंद, तेव्हा ह्या कुत्र्याला घडवणारं काम आता नाही. उरली ती रिंग.

त्या दिवशी चार कारवान होते. तीन हँडलरकडे, चकचकीत, छाती खोल, जज दात बघतोय तरी दगडासारखे उभे. चौथा मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याचा. धोतर, पांढरी टोपी, लीडच्या जागी सुती दोरी. बरगड्या मोजता येतील असा कुत्रा, आणि जजने हात पुढे केला की तो वाऱ्यासारखा मालकाच्या पायामागे. मालक पुन्हा पुन्हा सांगत होते, "परक्याला हात लावू देत न्हाई तो, सायेब." ह्या जातीचा स्वभावच तो आहे, पण रिंगमध्ये त्याचे मार्क जातात. असेच मार्क जात राहिले तर वीस वर्षांनी कारवान कोणाच्याही हातून बिस्कीट खाईल.

एकदा मात्र त्यांनी दोरी सैल सोडून कुत्र्याला पळवलं. वर्तुळात पळवायचं असतं. हा सरळ रेषेत सुटला, धोतर सावरत मालक मागे, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. लोक हसत होते. मीही हसले आधी. मग तो वळला. पूर्ण वेगात, मागचे पाय पुढच्यांच्या पुढे टाकत, वीतभर जागेत वळला, आणि माझ्या पुढचा माणूस नुसतंच "आईशप्पथ" म्हणाला.

चौथा नंबर आला त्याचा. नंतर मी त्यांना गाठलं. ते सावलीत बसून फडक्यातली भाकरी मोडून त्याला देत होते. स्टुअर्ड, म्हणजे जजच्या हाताखाली रिंगचं काम बघणारा मुलगा, तिथे येऊन म्हणाला, "काका, जजसाहेब म्हणाले थोडा भरू द्या याला, पुढच्या वेळी नंबर लागेल."

"भरला तर पळंल कसा?" त्यांनी विचारलं.

मुलाला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रिंगचा पुकारा झाला, तो गेला. मी त्यांच्याकडून फोन नंबर घेतला. भाचा येऊन बसला होता, त्याने पहिल्या आलेल्याच्या पिल्लासाठी बुकिंगचे पैसे तिथल्या तिथे पाठवून टाकले होते. गाडीत तो मला स्क्रीनवर त्या नराचे फोटो दाखवत राहिला. मी काही बोलले नाही. पिल्लू दोन महिन्यांनी येणार आहे.