चोर सोडून सगळ्यांसाठी वाजणारी गाडी

परवा रात्री पावणेतीनला गाडी पुन्हा बोंबलली. कारण काय, तर माडाचं एक सुकं चुडत खाली आलं. गाडीवर नव्हे, गाडीपासून चांगलं दहा हात लांब. पण त्या सायरनला तेवढं पुरतं. त्याचे सहा सूर आहेत आणि ते ठरलेल्या क्रमाने येतात. आधी पोलिसांची गाडी, मग अँब्युलन्स, मग टिटवी, मग कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी, आणि शेवटचे दोन तर कशासारखे आहेत ते मला अजून सांगता येत नाही. चौथा सूर आला की वाडीतली खरी कुत्रीही सामील होतात.

चिऱ्याच्या भिंतीतून रिमोट पोचत नाही. म्हणून मी लुंगी सावरत, एका हातात छत्री धरून खळ्यात उतरतो आणि भर पावसात स्वतःच्याच गाडीवर पिस्तूल रोखल्यासारखा रिमोट धरून उभा राहतो. शेजारच्या आबांनी खिडकीतून विचारलं, "तुजी गाडी रोज कित्याक रडता रे? तिका काय होया ता दी नि गप कर."

काय सांगणार त्यांना? साडेअकरा हजार रुपये मोजून मी ही रडारड विकत घेतलीय.

सुरुवात मेहुण्याने केली. डोंबिवलीचा. मे महिन्यात आंबे खायला आला होता, नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन. आमच्या पडवीत झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्याने बटण दाबलं आणि खळ्यातली गाडी आपोआप सुरू झाली. एसी लागला. "भावोजी, पाच मिनिटांनी बसा, काश्मीर." आमची गाडी म्हणजे बेस मॉडेल, हाताने गिअर टाकायची, साधी किल्ली. देवगडच्या मे महिन्यात दुपारी दार उघडलं की भाताच्या मडक्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे न्यावी लागते. सीटवर टेकली की "भाजलंय गो बाय" म्हणून ओरडते. मला वाटलं, आईसाठी एवढं करूया.

ही माझी चूक, मान्य.

हायवेवरच्या एका कार ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. मालक फोनवर. फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला, "होतंय काका, सगळ्या गाडीत होतंय. अलार्म, सेंट्रल लॉक, रिमोट स्टार्ट, सगळं एकाच सेटमध्ये. इन्शुरन्समध्ये पण सूट मिळते." सूट मिळते, हे खरं आहे. किती आणि कशाला, ते त्याने सांगितलं नाही. एआरएआयची, म्हणजे गाड्या तपासून मान्यता देणाऱ्या पुण्याच्या संस्थेची, मान्यता असलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं असेल तरच मिळते, आणि तीही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. माझ्या खोक्यावर एआरएआय सोडा, बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नाही. मोठ्या अक्षरात एवढंच छापलंय, '१२० डेसिबल'. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीत आरती जरा लांबली तर लगेच हे नियम दाखवणारी माणसं आमच्या वाडीत आहेत, आणि आता मी त्यांच्यासमोर मान खाली घालून चालतो.

काम एका पोराने केलं. वय वीस असेल. फोन डॅशबोर्डवर टेकवून त्यावर व्हिडिओ लावला होता, हिंदीतला, आणि तोही दुसऱ्याच गाडीचा. विचारलं तर म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, वायरिंग सगळं सेमच असतं." स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उचकटलं, दोन क्लिप तुटल्याचा आवाज मी बाहेर उभा राहून ऐकला. वायर दातांनी सोलत होता. दातांनी! ऊस सोलतात तशी. मूळ वायरीला नवी वायर गुंडाळायची, वर काळी टेप, झालं. सोल्डर नाही, वरून स्लीव्ह नाही. आमच्याकडे खारा वारा घराच्या दाराच्या कड्या खातो, तिथे उघडी तांब्याची तार किती दिवस टिकणार? महिन्याभरात हिरवी झाली. टेपचा गोंद उन्हाने पातळ होऊन आईच्या मोरंब्याच्या पाकासारखा ओघळत होता.

दोन तासांत काम संपलं. त्या दोन तासांत मला एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही. काका, तुम्ही गाडी लावता कुठे आणि कशी?

कोकणात गाडी कशी लावतात? सपाट जागा आहेच कुठे? आमचं घर उताराच्या पायथ्याशी. रस्ता वरून येतो आणि थेट खळ्यात घुसतो. हँडब्रेक आम्ही पावसाळ्यात ओढत नाही, कारण ओलाव्याने मागच्या ड्रमला गंज धरतो, ब्रेक चिकटून बसतात आणि दोन दिवसांनी चाक फिरत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकापुढे चिऱ्याचा तुकडा. माझे वडील जीप अशीच लावायचे, मी अशीच लावतो, आमच्या रस्त्यावरचे सगळे अशीच लावतात.

आता गिअरमध्ये असलेल्या गाडीला लांबून स्टार्टर मारला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून तर क्लच दाबल्याशिवाय सुरू होऊ नये, यासाठी कंपनीने क्लचच्या पेडलला स्विच दिलेला असतो. त्या पोराने तो स्विच वायरीने जोडून टाकला, म्हणजे गाडीला क्लच कायम दाबलेलाच आहे असं वाटतं. का, तर त्याशिवाय रिमोटने सुरूच होत नाही!

हाताच्या गिअरवाल्या गाडीत रिमोट स्टार्ट बसवायची रीत आहे. ती त्या सेटच्या माहितीपत्रकातच आहे, मी नंतर भिंग घेऊन वाचलं. गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, तरी इंजिन चालूच राहतं. मग उतरून दारं लावायची, रिमोटने लॉक केलं की इंजिन बंद. यामुळे यंत्राला खात्री पटते की गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि आत कोणी नाही. नंतर एकदा जरी दार उघडलं तरी ती खात्री रद्द होते, रिमोट चालत नाही. साधी, शहाणी सोय. पण पोराने ती बंदच करून टाकली होती. विचारलं तेव्हा म्हणाला, "लोकांना कंटाळा येतो ना काका, कोण एवढं करतंय."

मिरगाच्या दुसऱ्या दिवशी आईची डॉक्टरकडची तारीख होती. रात्री पहिला दणका पाऊस पडून गेला होता, सकाळी उकडत होतं. आई काठी टेकत पडवीच्या पायऱ्या उतरत होती. मी पडवीतून, मोठ्या ऐटीत, बटण दाबलं. गाडीने एक हिसका दिला, मग दुसरा, मग इंजिनने पकडलं आणि ती चिऱ्याच्या तुकड्यावरून बैलासारखी उडी मारून सरळ तुळशीवर. वृंदावनाचा एक कोपरा गेला, बंपर आत गेला, हेडलाइट फुटला, आणि तिथे इंजिन बंद पडलं. आई चार हातांवर होती. काठी तशीच धरून. मला वाटलं किंचाळेल. ती हळू आवाजात म्हणाली, "तुजी गाडी माज्या आंगार इली."

माझे पाय त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापत होते. आणि त्या सगळ्या गोंधळात अलार्म? अलार्म गप्प. कारण गाडी रिमोटने सुरू असताना धक्क्याचा सेन्सर बंद ठेवतात, नाहीतर इंजिनच्या थरथरीनेच तो वाजेल. म्हणजे चुडतावर सहा सूर, आणि माझी आई मरता मरता वाचली तेव्हा चूप.

गॅरेजमध्ये गेलो तर तिथल्या साहेबांनी बॉनेट पूर्ण उघडायच्या आधीच सांगितलं, बाहेरचं काम केलंय, वायरिंगची वॉरंटी गेली. गाडी दोन वर्षांची. दुकानवाला म्हणतो कंपनीच्या वायरीत दोष, कंपनीचा माणूस म्हणतो दुकानाच्या वायरीत दोष. मधे मी आणि फुटकी तुळस.

शेवटी गावातला आमचा जुना वायरमन आला. हा माणूस कमी बोलतो आणि मीटर सोबत ठेवतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडून मधे मीटर लावला, दारं बंद करून पाऊण तास बसला, विडी ओढत. गाडी झोपू दे म्हणाला, मग खरा आकडा कळतो. आकडा आला २८० मिलीअँपिअर. उभ्या गाडीने ५०च्या आत प्यायला हवं. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, त्यातले दिवसाला पावणेसात असेच जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता टक-टक करणार. तरीच. मी आठवडाभर आंब्याच्या हिशेबात घरी बसलो की गाडीला धक्का मारायला पोरं गोळा करावी लागायची, आणि मी बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो!

त्याने बॉनेटखालचा पिन स्विच दाखवला. गंजून रुतलेला. पावसात तो ओला झाला की अलार्मला वाटतं कोणी बॉनेट उघडलं. धक्क्याचा सेन्सर म्हणजे काड्यापेटीएवढी डबी, ती घट्ट बांधायची असते. ती दुहेरी टेपने प्लॅस्टिकला चिकटवली होती, टेप सुटली आणि डबी वायरीला लोंबकळत होती, देवळातल्या घंटेसारखी. तिची संवेदनशीलता कमी-जास्त करायला एक बारीक स्क्रू असतो. तो शेवटापर्यंत पिळलेला.

मग त्याने स्टिअरिंगच्या आत हात घातला, चिमटीत काहीतरी धरून बाहेर काढलं आणि पहिल्यांदा हसला. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक चिप. माझ्या दुसऱ्या किल्लीची.

हे समजून घ्या. किल्लीच्या काळ्या डोक्यात एक चिप असते, इग्निशनभोवतीची रिंग ती ओळखते, आणि ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. कंपनीने दिलेलं खरं चोरीविरोधी कुलूप हे. रिमोट स्टार्टला किल्ली नसते, म्हणून चांगल्या कामात ती चिप एका वेगळ्या डबीत ठेवतात आणि रिमोट दाबल्यावर तेवढ्यापुरतीच तिची ओळख रिंगपर्यंत पोचवतात. ती डबी महाग. पोराने माझी जास्तीची किल्ली मागितली होती, प्रोग्रामिंगला लागते म्हणाला, आणि ती फोडून आतली चिप कायमची रिंगला चिकटवून टाकली. म्हणजे गाडी चोवीस तास कोणाचीही ओळख पटवून द्यायला तयार. मी चिप नसलेली दीडशे रुपयांची किल्ली कापून आणली आणि लावून बघितली. एका झटक्यात सुरू.

साडेअकरा हजार देऊन मी कंपनीचं कुलूप काढून घेतलं आणि त्याच्या जागी टिटवी बसवली.

काल मालकाला फोन केला. सगळं सांगितलं. तुळस, आई, क्लच, चिप, एकेक करून, आवाज चढवून. पलीकडे शांतता. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग म्हणाला, "काका, रिमोटचा सेल बदलून बघितलात काय?" मी म्हटलं, सगळं काढून टाक, मूळ होतं तसं कर, पैसे परत दे.

"पैसे नाय होणार काका, माल लागलाय तुमच्या गाडीला. काढून देतो ना. काढायची मजुरी पंधराशे."