एक चिप, दोन दावेदार

माझा लॅपटॉप २०१३ चा. त्यात लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, कारण ‘नवा घ्यायला पैसे नाहीत’ म्हणण्यापेक्षा ‘मी लिनक्स वापरतो’ हे चारचौघांत बरं दिसतं. जुन्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत संपली, म्हणून एका पावसाळी रविवारी अपग्रेडला लावला. तीन तासांनी उठला तो वायफाय विसरून.

दुरुस्तीवाल्यानं नुसतं बघून निकाल दिला, “ड्रायव्हर कॉन्फ्लिक्ट. आगल्ला सर, हळे मॉडेल. होसदु तगोळ्ळी.” नवा घ्या, हे कुठल्याही भाषेत कळतं.

ड्रायव्हर म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम. घरी येऊन, चढलेले ड्रायव्हर दाखवणारी ‘एलएसमॉड’ कमांड मारली. वायफायच्या एकाच चिपवर दोन ड्रायव्हर! एक कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर आलेला ओपन सोर्सवाला, दुसरा चिपच्या कंपनीचा. मशीन सुरू होताना जो आधी पोचेल तो चिप धरून बसतो, दुसरा दारात बोंबलतो. बेळगावकराला हे समजावून सांगायला लागत नाही. आमच्यावर १९५६ पासून दोन दावेदार, २००४ पासून फाइल सुप्रीम कोर्टात. त्यामानानं माझी केस ताजी होती.

कंपनीवाल्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती नव्या कर्नलसाठी बांधायची. तिचं सामान इंटरनेटवर, इंटरनेट वायफायवर आणि वायफाय त्याच ड्रायव्हरवर. शेवटी मोबाइल केबलनं जोडला. पण घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि बॅटरी कधीच वारलेली; त्यामुळे लॅपटॉप कट्ट्यावर कुकरशेजारी, मिक्सरच्या प्लगला.

“काय करूलालास रे इथं?” आई.

“दोघांत भांडण आहे. एकाला ब्लॅकलिस्टमध्ये टाकूलालोय.”

ड्रायव्हर चढवणाऱ्या मोडप्रोबच्या फोल्डरात एक ओळ लिहायची असते : ‘ब्लॅकलिस्ट’ आणि पुढं नकोशाचं, म्हणजे ओपन सोर्सवाल्याचं नाव. नावात एक अक्षर चुकलं तर काही म्हणजे काही होत नाही. साधी तक्रारसुद्धा येत नाही. मी दोनदा चुकलो. तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि पडद्यावर वाफ धरली. ती पदरानं पुसत आईनं माझ्याकडं असं बघितलं, की तिसऱ्यांदा स्पेलिंग आपोआप बरोबर आलं. इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन उठताना आधी लागणारं गाठोडं, नव्यानं बांधून रीस्टार्ट केला. कोपऱ्यात वायफायचा पंखा उघडला.

“मग त्या दुसऱ्याला कुठं घालवलास?”

“इथंच आहे. फक्त त्याला बोलवायचं नाही.”

“म्हणजे तुझ्या धाकट्या काकासारखं,” म्हणत आईनं कुकर उतरवला.