स्टील म्हणजे नक्की कुठलं स्टील?

परवा भाची घरी आली ती पिशवीत मिठाचा डबा घेऊनच. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही अजून, रुखवतातला डबा, झाकणावर मशीनने नाव घातलेलं, बाहेरून आरशासारखा चकचकीत, आणि आत तळाला तपकिरी ठिपके, सुईच्या टोकाएवढे. घासले तर ठिपका जातो पण खाली खड्डा राहतो, नख फिरवलं की नखाला लागतो. "मामा, स्टीलला गंज कसा काय चढला? दुकानदार तर फूड ग्रेड म्हणाला होता."

मी गेली बावीस वर्षं स्टीलच्या फॅब्रिकेशनमध्ये आहे, डेअरीच्या टाक्या, हॉटेलांची किचनं, तेव्हा हा विषय माझ्या रोजच्या हातातला आहे आणि म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, "फूड ग्रेड" असा कुठला ग्रेडच नसतो. ग्रेडला नंबर असतो. ३०४, ३१६, ४३०, २०१, २०२. आमच्याकडे पत्रा आला की आधी नंबर बघतात, मग जाडी, मग भाव. भांड्यांच्या दुकानात मात्र आपण फक्त वजन बघतो आणि चकाकी बघतो. चकाकी ही पॉलिशची असते हो, ती कुठल्याही स्टीलला आणता येते.

लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर धरतो, इतका पातळ की दिसत नाही, आणि ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो परत भरून येतो, स्टीलला गंज न लागण्याचं कारण हेच. त्याचा वैरी म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड तो थर एका जागी फोडतं आणि मग तिथेच आत आत पोखरत जातं. भाचीच्या डब्यात नेमकं हेच झालंय, त्यात पावसाळ्यात मीठ ओलं होतं, मग विचारूच नका.

आता ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, डब्यावर १८/८ लिहितात ते हेच. १८/१० लिहिलेलं बघून लोक जास्त पैसे मोजतात पण तेही बहुतेक ३०४ च्याच घरातलं. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त टिकतं, फार्मा कंपन्यांत आणि समुद्राकाठच्या कामाला लागतं, घरच्या आमटीभाताला त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच, म्हणून १८/०, त्याला चुंबक चिकटतं. ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या कढईचा बाहेरचा थर बहुतेक याचाच असतो, त्यामुळे ती इंडक्शनवर चालते.

आणि २०० ची सिरीज, म्हणजे २०१, २०२ वगैरे. निकेल महाग, म्हणून त्यातलं बरंचसं काढून त्याजागी मँगनीज घालतात. आपल्याकडे बाजारात स्वस्त भांडी येतात त्यातली खूपशी याचीच असतात, जे-फोर म्हणून जो पत्रा चालतो त्यात तर निकेल एक टक्क्याच्या आसपास. हे विष आहे असं मी अजिबात म्हणत नाही, व्हॉट्सॲपवर फिरतात तसले मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. ताट, पोहे-साखरेचे डबे, पाण्याचा तांब्या यांना ते ठीकच आहे. पण मीठ, ताक, कढी, चिंचेचं सार, टोमॅटो, कोकमाचं आगळ, यांना नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की २०२ विकायचं आणि तोंडाने ३०४ सांगायचं, हे चालणार नाही.

सगळे म्हणतात चुंबक लावून बघा. अहो, चुंबक ३०४ ला चिकटत नाही तसं २०२ लाही चिकटत नाही! त्याने फक्त ४३० वेगळं कळतं. उलट चांगल्या ३०४ च्या पातेल्याला काठाशी, जिथे पत्रा दाबून वळवलाय तिथे, चुंबक थोडं ओढतं आणि लोक ते खोटं म्हणून परत करून येतात. भंगारवाले काय करतात, त्यांच्याकडे एका छोट्या बाटलीत केमिकल असतं आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पत्र्यावर एक थेंब टाकायचा, बॅटरीचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं थेंबाला, काही सेकंद धरायचं. मँगनीज जास्त असलं की थेंब लालभडक होतो. भाचीच्या डब्याच्या बुडाला मी हे करून दाखवलं, तीनपर्यंत मोजायच्या आत लाल. ती गप्पच झाली.

मला आठवते माझी आजी. ताक पितळेच्या पातेल्यात राहिलं की ओरडायची, कळकेल म्हणायची. कल्हईवाला गल्लीत आला की भांडी उलटीपालटी करून कुठे तांबूस दिसायला लागलंय ते स्वतः बघायची, मग भाता, कथील, नवसागराचा तो धूर. शाळेत चार इयत्ता शिकलेली बाई, पण कुठल्या धातूत काय ठेवायचं आणि काय नाही हे तिला पक्कं माहीत होतं. स्टील आलं, कल्हई गेली, आणि आपण विचारणंच सोडून दिलं.

तर सगळी भांडी बदलू नका. आंबट आणि खारट ज्यात शिजतं आणि ज्यात रात्रभर राहतं, तेवढी तीन-चार ३०४ ची घ्या. मीठ आणि लोणचं चिनीमातीच्या बरणीतच ठेवा. मीठ थंड पाण्यात टाकून ठेवू नका, तळाशी बसून तिथेच खड्डा पाडतं, पाण्याला उकळी आली की टाका. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण पत्र्यात बसतात आणि तेच गंजतात. ब्लीच तर नकोच. तळाला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर मात्र घाबरू नका, लिंबू नाहीतर व्हिनेगर लावलं की बहुतेक जातात. आणि आयएसआय मार्क बघा, केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ ला त्याच्या सक्तीचा आदेश काढलाय, स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६.

काल भाचीला घेऊन बाजारात गेलो, कढीसाठी पातेलं घ्यायला. दुकानदाराने समोरचं काढून दिलं, "तीनशे चार आहे काका, डोळे झाकून न्या." म्हटलं छान, फक्त बिलावर ३०४ लिहून सही करून द्या. त्याने पेन हातात घेतलं, थोडा वेळ थांबला, आणि ते पातेलं परत आत ठेवून वरच्या फळीवरचं दुसरं काढलं. किलोमागे भाव बराच जास्त होता. तेच घेतलं, बिलावर नंबर लिहून घेतला आणि बिल भाचीच्या पर्समध्ये ठेवायला लावलं.