वाजपेयींचा तो नकार

परवा शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "एवढं मोठं सैन्य आहे आपलं, पाठवा की बाहेर! महासत्ता व्हायचंय ना?" खाली धडाधड अंगठे. तिथे गप्प बसलो (ग्रुपवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं अजून पाहिलेलं नाही), म्हणून इथे लिहितोय.

2003 साली अमेरिकेला इराकमध्ये आपले जवान हवे होते. शे-दोनशे नव्हे, जवळजवळ अख्खी डिव्हिजन, 17 हजारांच्या आसपास. 'जायला हवं' म्हणणारे खुद्द सरकारात होते. अमेरिकेची मैत्री होईल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, वगैरे. वाजपेयींनी विषय आठवडेच्या आठवडे भिजत ठेवला आणि 14 जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने सांगून टाकलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू. म्हणजे नाहीच. मी भाजपला कधी मत दिलेलं नाही, पण या नकाराबद्दल त्या माणसाला मी मानतो. पाचच आठवड्यांनी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवरच ट्रकबॉम्ब आदळला. त्यांचे तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा दि मेलो त्यातच गेले.

हे शहाणपण कुठून आलं असेल? मला वाटतं, श्रीलंकेतून.

1987 मध्ये मी सहावीत होतो. जाफना, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ ही नावं रेडिओवर ऐकायची आणि नकाशाच्या पुस्तकात शोधायची. 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तिथेच कळायला हवं होतं, पण असो. आपले जवान गेले ते शांतिसेना म्हणून, तिथल्या तमिळ बंडखोरांची (मुख्यतः एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ) शस्त्रं जमा करून घ्यायला. जाफन्यात लोकांनी हार घालून स्वागत केलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच जाफन्यात वाघांशी लढाई. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या 13 शीख लाइट इन्फंट्रीच्या 30 जवानांपैकी 29 तिथेच संपले.

मग आणखी सैन्य. मग त्याहून आणखी. माझं म्हणणं इथेच आहे. पहिली तुकडी पाठवताना तरी चर्चा होते, सह्या होतात. पुढच्या तुकड्या मात्र 'आता माघार घेतली तर गेलेल्यांचं काय' म्हणून जातात, आणि त्याला उलटून विचारायची कुणाची छाती होत नाही.

25 नोव्हेंबरला 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत होते. जन्माने मुंबईकर, तिथल्याच एसआयईएस कॉलेजचे विद्यार्थी. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्यालाच टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. त्या शौर्यापुढे मान खाली जातेच. पण ते कशासाठी तिथे होते, हे त्या काळच्या किती पुढाऱ्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं?

सुमारे 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, तीही श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी 'निघा' म्हटल्यावर. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जिथे गेले तिथे नकोसे, जिथे परतले तिथेही. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला खुद्द राजीव गांधी मारले गेले.

बाहेर कधीच जाऊ नये असं मी म्हणत नाही. 1988 मध्ये मालदीवच्या अध्यक्षांनी हाक मारली, आपले पॅराट्रूपर त्याच रात्री उतरले, बंड मोडलं. तिथे कामाला शेवट होता, तो दिसत होता.

इराकमध्ये कुणाला दिसत होता? जानेवारी 2007 मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन चार वर्षं होत आली तेव्हा, बुश यांनी आणखी 20 हजारांहून जास्त सैनिक पाठवायची घोषणा केली. आपली डिव्हिजन तिथे असती तर त्याच आठवड्यात दिल्लीतही फोन खणखणला असता, 'तुम्हीही थोडे वाढवा.'