पायाची आग कमी झाली म्हणजे नस बरी झाली असं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या डिचोलीच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला: "इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरच्या 10 सिटिंगात शुगरने मेलेल्या नसा जिवंत होतात, गोळ्या-इन्सुलिन कायमचं बंद, साइड इफेक्ट शून्य." आत्तेने तो वाचून मला फोन केला, गोळ्या सोडू काय गो? म्हणून लिहितेय.

आधी नसा जिवंत होण्याचं बघू. आत्तेला रात्री चादर पायाला घासली तरी आग होते आणि त्याच पायातली चप्पल चवथीला चालताना निसटली तर दहा पावलं तिला पत्ताच नाही! म्हणजे काही नसा उगाच बोंबलतायत आणि काही गप्प पडल्यात. इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरमध्ये अंगात टोचलेल्या सुयांमधून बारीक करंट सोडला की शरीर स्वतःचीच वेदनाशामकं सोडतं, करंटचे ठोके सेकंदाला 2 च्या आसपास असले तर एंडॉर्फिन, 100 असले तर डायनॉर्फिन, हे बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलंय, त्याने बोंब कमी होऊ शकते. पण गप्प नस त्याने बोलायला लागते असं सिद्ध झालेलं नाही, आणि मला भीती याचीच आहे, कारण दुखायचं थांबलं की माणूस तळवे बघायचं सोडतो आणि बधिर पायाला काचेचा तुकडा लागला तरी कळत नाही.

10 सिटिंगचं म्हणाल तर कोरियातली 2018 ची चाचणी आहे, शुगरमुळे नसा दुखणारे 126 पेशंट, 8 आठवडे, 16 सिटिंग. सुया घेतलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं हे खरंय, त्यामुळे सगळं थोतांड म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पण तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला खोट्या, म्हणजे उपचाराचा नुसता भास देणाऱ्या सुया दिल्याच नव्हत्या, मग करंटचा गुण किती आणि कुणीतरी आठवड्यातून दोनदा आपल्याकडे नीट लक्ष देतंय याचा किती, हे कसं वेगळं काढणार?

गोळ्या-इन्सुलिन बंद हे तर सरळ घातक आहे. साखर चढली की उरलेल्या नसाही जातात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या सर्व्हेत डायबिटीसमध्ये गोवा देशात पहिला, 26.4 टक्के, तिथे असा मेसेज किती घरांत पोचला असेल विचार करा.

आणि साइड इफेक्ट शून्य? पेसमेकर असेल तर करंट घ्यायचाच नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, पायाला जखम असेल तर तिथे सुई नको.

आत्तेला सांगितलंय, डॉक्टरांना विचारून सुया घ्यायच्या तर मी गाडीने नेते. तिची मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी कितीतरी वर्षं चालू आहे, तिने बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तर ते पण तपासून घेऊ, ते कमी पडलं तरी पायाला मुंग्या येतात. गोळ्या चालूच ठेव आणि रोज रात्री आरसा धरून तळवे बघ.