प्रेमापोटी दिलेल्या शिव्या

शाळेच्या ग्रुपवरचे एका मित्राचे तीन मेसेज मी जपून ठेवले आहेत. पहिला १९ ऑक्टोबर २०२५ चा. इंदूरला आपल्या मुली इंग्लंडकडून चार धावांनी हरल्या, विश्वचषकातला लागोपाठ तिसरा पराभव. त्यावर हा लिहितो, "यांना जाहिरातीच करू द्या. क्रिकेट यांचं काम नाही." दुसरा २ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीचा, नवी मुंबईत त्याच मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हाचा : "पोरींनी करून दाखवलं! डोळ्यांतलं पाणी थांबत नाहीये." तिसरा २६ नोव्हेंबरचा. गुवाहाटीला पुरुषांचा संघ दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरला. "सगळ्यांना हाकला. एकजात सगळ्यांना."

अडतीस दिवसांत एवढं सगळं. मी लिहिलं, अरे, महिनाभर तरी एका मतावर राहा. त्याचं उत्तर लगेच आलं : "अगं, आमचं प्रेम आहे म्हणून आम्ही बोलतो. तुला तिकडे बसून नाही कळायचं."

हे वाक्य गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीये. प्रेम आहे म्हणून.

जेमिमा रॉड्रिग्जचंच घ्या. इंदूरच्या त्या सामन्यात तिला वगळलं होतं आणि ग्रुपवर त्याचा आनंद साजरा झाला होता. अकरा दिवसांनी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ काढल्या. मग ती वाघीण झाली, आपली मुंबईची पोरगी झाली. सामन्यानंतर ती स्वतःच म्हणाली की या स्पर्धेत ती फार अस्वस्थ होती, रडत होती. त्यावर ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. अकरा दिवसांपूर्वी आपण काय लिहिलं होतं ते एकालाही आठवलं नाही. प्रेम असतं तर आठवलं असतं. सावकाराची वसुली असते तशातली ही गत आहे : हप्ता आला की साहेब, चुकला की दारात बोंबाबोंब.

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते, त्याला आता पंधरा वर्षं होतील. उन्हाळ्यात सेडन पार्कच्या गवताच्या उतारावर चटई टाकून आम्ही सामने बघतो. मुलं खाली चेंडूने खेळत असतात, कोणी निम्मा वेळ आडवा पडलेला असतो. यजमान हरले तर लोक चिली बिन, म्हणजे बर्फाचा डबा, उचलून, चटया झटकून घरी जातात. २०१९ च्या विश्वचषकाच्या लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात हे लोक हरलेसुद्धा नव्हते. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि कप गेला तो चौकार मोजून. आपल्याकडे हे झालं असतं तर काय झालं असतं? आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी सगळे झोप न झालेल्या डोळ्यांनी आले, एकीने केक आणला होता, तो कापला आणि दुधाचे नमुने तपासायला लागलो.

आणि पुण्याचं गहुंजे. ऑक्टोबर २०२४. माझ्या गावात न्यूझीलंडविरुद्ध कसोटी, आणि त्यात तेरा बळी घेऊन आपल्याला गुंडाळणारा मिचेल सँटनर माझ्या आत्ताच्या गावचा. लेबर वीकेंडचा, म्हणजे इथल्या कामगार दिनाच्या जोडसुट्टीचा, शनिवार होता. ११३ धावांनी हरलो, मालिका गेली. रविवारी सकाळी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. सँटनरबद्दल त्यांनी एक वाक्य काढलं आणि मग पाच मिनिटं ते वॉशिंग्टन सुंदरबद्दल बोलत होते, कारण त्यानेही त्या सामन्यात अकरा बळी घेतले होते. ग्रुपवर सुंदरचं नावही कोणी काढलेलं नव्हतं.

२०१२ पासून आपण घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका हरलो नव्हतो. लागोपाठ अठरा मालिका जिंकल्या होत्या. जगात हे कोणालाच जमलेलं नाही. पण त्या अठरांपैकी किती मालिकांसाठी आमच्या पेठेत पेढे वाटले गेले? जिंकणं हे नळाच्या पाण्यासारखं झालं होतं, आलं तर त्यात विशेष ते काय, आणि एक दिवस नाही आलं तर मोर्चा. अविनाश साबळे पॅरिसला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावला. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा. अकरावा आला, तर "फक्त अकरावा?" विचारणारा माणूस स्वतः चौथ्या मजल्यावर लिफ्टने जातो.

नाटकाचंही तेच. ज्येष्ठ नट एखादं वाक्य विसरला की मध्यंतरात चहा पिताना "आता थांबावं यांनी" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, आणि त्याने खरंच थांबायचं ठरवलं की शेवटच्या प्रयोगाच्या तिकिटासाठी पहाटे रांग लावायची.

मोबाइलने हे बिघडवलं असं म्हणणाऱ्यांना माझे बाबा अजित वाडेकरांचं उदाहरण द्यायचे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं. इंदूरला त्या विजयासाठी सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली, खेळाडूंची नावं कोरून. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सला सगळे ४२ धावांत बाद झालो, तर लोकांनी त्याच बॅटची विटंबना केली. तेव्हा मोबाइल कुठे होता?

बाबांनीच मला १९९६ च्या विश्वचषकात पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर नेलं होतं. २९ फेब्रुवारी, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. मी तेरा वर्षांची होते. स्कूटरवरून गेलो, डब्यात धपाटे आणि पिशवीत संत्री. आलो होतो लाराला बघायला. केनियाच्या १६६ धावा झाल्या तेव्हा बाबा म्हणाले, संत्री संपायच्या आत सामना संपेल. मग त्यांच्या यष्टिरक्षकाने, ज्याच्या हातातून चेंडू निसटले की लोक हसत होते, त्यानेच लाराचा झेल पकडला. क्षणभर अख्खं स्टेडियम गप्प. आणि मग पुणेकर उभे राहिले. वेस्ट इंडीज ९३ धावांत बाद. केनियाच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली तेव्हा आमच्या स्टँडमधले, एरवी कोणाचंही कौतुक न करणारे, धोतर-टोपीतले एक आजोबा हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. बाबांनी उरलेली संत्री आजूबाजूला वाटून टाकली. कोणाकडून काही येणं नव्हतं, म्हणून ते सगळं इतकं निर्मळ होतं. पुण्याची आठवण आली की मला आधी तो दुपारचा उजेड आठवतो.

तेरा दिवसांनी कोलकात्याला ईडन गार्डन्सवर आपला उपांत्य सामना. श्रीलंकेविरुद्ध १२० वर आठ बाद, बाटल्या, जाळपोळ, सामना तिथेच थांबवला, कांबळी रडत बाहेर. त्या रात्री मी अझरुद्दीनचा कपाटाच्या दारावर लावलेला फोटो ओढून काढला आणि फाडला. टॉस जिंकून फलंदाजी का नाही घेतली, म्हणून. नेहरू स्टेडियमवर उभी राहिलेली मुलगी मीच होते आणि फोटो फाडणारीही मीच. चिकटपट्टीचे चार तुकडे त्या दारावर अजून आहेत, गेल्या वर्षी गेले तेव्हा नखाने काढून पाहिले, निघाले नाहीत.

इथल्या शांतपणाचं मी ग्रुपवर जे कौतुक सांगते, तेही पुरतं खरं नाही, हे मला ठाऊक आहे. क्रिकेट हा इथला जीव नाही. जीव रग्बीत आहे. १९९९ च्या विश्वचषकात ऑल ब्लॅक्स, म्हणजे इथला रग्बी संघ, उपांत्य सामन्यात फ्रान्सकडून हरले, तेव्हा परत आलेल्या प्रशिक्षकाच्या शर्यतीच्या घोड्यावर लोक थुंकले होते. हे मला सांगितलं त्याच शेजारच्या आजोबांनी, मान खाली घालून. २०२३ च्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना एका गुणाने गेला, त्या रविवारनंतर आठवडाभर त्यांचं गवत वाढत राहिलं, मशिनचा आवाज आला नाही. सँटनरबद्दल एका वाक्यात बोलणारे हेच. मी मात्र त्या रविवारी न्याहारी करून पॅकन्सेव्हला, सुपरमार्केटात, गेले. मला काहीच झालं नव्हतं. पंधरा वर्षांत या देशाच्या कुठल्याही पराभवाने माझा घास अडलेला नाही, आणि त्याला मी समजूतदारपणा म्हणत आले.

मित्राच्या "तिकडे बसून" या शब्दांवर मी चिडून त्याला ते तिन्ही मेसेज तारखांसह पाठवले. त्याने काही न बोलता एक स्क्रीनशॉट पाठवला. २६ ऑक्टोबर २०२४, गहुंजेचा सामना संपल्यासंपल्याचा. रोहित शर्मा दोन्ही डावांत मिळून आठ धावांवर गेला होता. खाली मेसेज : "आता तरी जा बाबा. किती दिवस जागा अडवणार?" नाव माझं.

तो मी लिहिला होता. विसरलेही नव्हते, इथे सांगायचा टाळत होते एवढंच. आणि त्या रात्रीचं बाकीचंही आठवतं. एरवी मी ग्रुपवर काही लिहिलं की दोन अंगठे येतात. त्या रात्री उत्तरांवर उत्तरं आली. "बरोबर बोललीस." "हिला बोलावून घ्या रे निवड समितीत." शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली कोणीतरी, कित्येक वर्षांनी. हॅमिल्टनला मध्यरात्र होत होती, घरात सगळे झोपले होते, आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता मी दीड तास पुण्यात होते. त्या दीड तासात मला कोणी "तू तिकडची" म्हटलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्याच रोहितने दुबईला अंतिम सामन्यात ७६ काढून चॅम्पियन्स करंडक आणला. मेमध्ये त्याने कसोटी सोडली, तेव्हा ग्रुपवर सगळे हळहळले. मी काहीच लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

ते आता मित्राला लिहिलं. त्या रात्री माझं चुकलं, आणि आज तुझं चुकतंय, प्रेम असलं तरी चुकतंय. दोन निळ्या खुणा आल्या. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "जानेवारीत येणार आहेस ना? येताना पोराला आण. त्याला गहुंजे दाखवू."